वहिवाट

आमच्या बीड जिल्ह्यात बांधावरून तंटा उठला की पहिला शब्द कानी येतो तो वहिवाटीचा. ‘आज्यापासून आमच्या गाड्या इथूनच जातात,’ असे एकाने म्हटले की दुसऱ्याचे तोंड निम्मे बंद होते. रोज चालून वाट पडावी आणि पडलेल्या वाटेचा पुढे हक्क व्हावा! मला हा शब्द फार आवडतो. त्याची थोडी भीतीही वाटते.

इंग्रजांचा कायदाही असाच चालून चालून पडलेला. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्री राजाचे न्यायाधीश मुलूखभर फिरत, ठिकठिकाणची रीत ऐकून निकाल देत. त्या निकालांतून साऱ्या राज्याला समाईक असा कायदा उभा राहिला. रूढी मात्र स्मरणातीत हवी. आता स्मरणाला तारीख कशी लावायची? त्यांनी लावली! पहिला रिचर्ड गादीवर आला ते ११८९ साल. अंबाजोगाईस ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात. तेव्हा आमचा ग्रंथ इंग्रजी कायद्याच्या आठवणीहूनही एका वर्षाने जुना म्हणायचा.

मुंबई इलाख्यात १८२७च्या रेग्युलेशनाने क्रम लावून दिला: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर देशरीत, मग प्रतिवादीचे धर्मशास्त्र, आणि काहीच नसेल तर न्यायबुद्धी. (आम्ही तेव्हा निजामाकडे, मुंबईच्या वाटेला लागलो ते १९५६ साली.) याज्ञवल्क्यानेही श्रुती, स्मृती, सदाचार यांच्यामागेच स्वतःच्या मनाला बसवले आहे. दोन्हीकडे मनाचा नंबर मागे. हे मला खटकते.

महाडचे चवदार तळे पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी काही सवर्णांनी दावा लावला, की अस्पृश्यांना तेथे पाणी न देण्याची रूढी अनादी आहे. दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला. कारण रूढी स्मरणातीत असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही.

निकालाचा आनंद होतोच. पण तेवढा पुरावा मिळाला असता तर? शंभर पिढ्या एखाद्याला पाण्यापासून हाकलले, तर हाकलण्याचा हक्क पिकतो की अपराध शंभरपट होतो? बांधावरच्या वाटेची गोष्ट निराळी. शेजारी गाडी नेत होता आणि शेतमालक अडवू शकत असूनही गप्प होता. त्या गप्प राहण्याला अर्थ आहे. तळ्याकाठी जो गप्प राहिला त्याला बोलण्याची सोयच नव्हती. त्याच्या मौनाला संमती म्हणणे मला तरी जमत नाही.

१९५०च्या राज्यघटनेने तेराव्या अनुच्छेदात रूढीलाही मूलभूत हक्कांखाली आणले आणि सतराव्यात अस्पृश्यता नष्ट केली. तळ्यावर आता रूढीचे वय कोणी विचारीत नाही. बांधाच्या वाटेला मात्र १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या उघड, अखंड वापराचा पुरावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला साक्षीला नेतात.