दोन रात्रींचं शेत

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही घरचे एकोणीस जण ढोरकीनच्या पुढे एका शेतात राहायला गेलो. पैठणचा डांबरी रस्ता सोडला की तिथवर दीडेक किलोमीटर पाणंद आहे. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे ओसरी, विहीर, चिंचेचं झाड आणि चहूकडे उभी ज्वारी. माणशी पैसे ठरलेले. त्यात गाद्या, दोन वेळचं जेवण आणि सकाळचा हुरडा. जागेला पाटी नाही. मालकांनी फोनवर खूण सांगितली होती, निळी टाकी दिसली की वळा.

आमच्यातल्या निम्म्या माणसांचं लहानपण तिथून फार लांब नाही, बिडकीनच्या शिवारात गेलं. आजोबांची जमीन तिथे होती. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी शेंद्रा आणि बिडकीन इथल्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यात तीही गेली. एकरी २३ लाखांचा भाव मिळाला. २९ सप्टेंबर २०२४ ला बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं, तेव्हा त्याचा आकडा सगळीकडे छापून आला : ७,८५५ एकर. त्या आकड्यात आमची विहीरही आहे आणि बांधावरची बोरही.

जमीन दिल्याची तक्रार मी करत नाही. कोरडवाहू रानावर चार भावांची घरं चालत नव्हती. पैसे आले, चार वाटण्या झाल्या. कुणी शहरात फ्लॅट घेतला, कुणी मुलीचं लग्न केलं, एका काकांनी गंगापूरकडे पुन्हा शेतच घेतलं. कुणीही पैसा उधळला नाही. पण हिशेबाच्या त्या कागदावर एक गोष्ट कुणी मांडलीच नव्हती. कुणाला न विचारता, कुणाचं मन न राखता सगळ्यांनी एकदम येऊन टेकावं अशी जागा त्या शेतासोबत गेली. जमीन होती तेव्हा हुरड्याला कुणी आमंत्रण देत नसे. संक्रांतीच्या सुमाराला एसटीने माणसं येतच. आता चौघांच्या चार घरांत दोन-दोन खोल्या आहेत, आणि एकोणीस माणसं कुणाच्याच घरी मावत नाहीत. दोन लग्नांच्या मधल्या पाच वर्षांत आम्ही सगळे एकत्र बसलो नव्हतो.

म्हणून शेत भाड्याने घेतलं. धाकट्या भावाने सुचवलं तेव्हा पहिल्यांदा मला ते बोचलं. शेतकऱ्याच्या नातवंडांनी दुसऱ्याच्या बांधावर पैसे देऊन जायचं? आत्या मात्र लगेच म्हणाली, “मी येते. ज्वारी गुळभेंडी आहे का तेवढं विचारा.”

गुळभेंडीच होती. सकाळी उजाडता आगटी पेटली. लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्या, त्यांचा लाल निखारा. दाणा चिकात भरलेली कणसं ताटासकट त्या निखाऱ्यात खुपसायची, फिरवायची आणि हात पोळत असतानाच तळव्यांवर चोळायची. दाणा गार झाला की सुटत नाही. मालकांचा मुलगा भाजत होता, चोळायला दोन माणसं कमी पडत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची आमची आत्या उठली, पदर खोचला आणि आगटीपाशी बसली. तिच्या हातांना पन्नास वर्षांत विसर पडला नव्हता. सुपात पाखडून तिने पहिली मूठ सगळ्यांत लहान पणतीच्या हातावर ठेवली. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, मधूनच हरभऱ्याचे ढाळे. पुण्याहून आलेल्या मुलांनी ज्वारी भाकरीच्या आधी इतकी हिरवी आणि गोड असते हे पहिल्यांदा पाहिलं.

मालकांचे वडील बाजेवर बसून सगळं बघत होते. आत्याने विचारलं, “भाऊ, हे रान तुमचं वाडवडिलांचं का?” ते म्हणाले, “नाही अक्का. आमचं गाव धरणात गेलं. मी पोरगा होतो तव्हा.” जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. नाथसागर भरला, मराठवाड्याच्या रानांना कालवे मिळाले, आणि गोदाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुमचं पाण्याखाली, आमचं कारखान्याखाली.” त्यानंतर ती दोघं बराच वेळ एकमेकांना आपापल्या विहिरीची खोली, बैलांची नावं, कुठल्या बांधाला कुठलं झाड होतं ते सांगत राहिली. आम्ही मध्ये बोललो नाही.

त्या सकाळी माझी बोचणी गेली. आम्ही पैसे दिले होते, त्यांनी घेतले होते, आणि तरीही आम्हाला पाहुण्यासारखं वाढलं जात होतं. फाल्गुन वद्य षष्ठीला याच रस्त्याने दिंड्या नाथांच्या पैठणला जातात, गावोगावी लोक त्यांना अंगणात उतरवून घेतात, कुणी भाडं मागत नाही. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसला, अख्खं शहर शेतात जातं. ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून कोपीपाशी जेवायला नेतात. ही रीत आपल्या मातीत आहे. कृषी पर्यटनाचा तिला धक्का लागत नाही, उलट शेतकऱ्याला ज्वारीच्या बाजारभावापलीकडे चार पैसे मिळतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं ते याचसाठी. कापूस आणि मोसंबीचे भाव ज्याच्या हातात नाहीत, त्याला हुरड्याच्या दीड महिन्यात हाती लागणारी रोख रक्कम लहान नसते.

धक्का लागतो तो आपल्या वागण्याने. शेजारच्या शिवारात त्या रात्री दुसरा एक गट उतरला होता. मोठे स्पीकर रात्री दोनपर्यंत वाजत होते. सकाळी पाणंदीला प्लॅस्टिकचे पेले आणि बाटल्या, आणि फोटोसाठी आत शिरून आडवी केलेली ज्वारीची तीन-चार सऱ्यांची पट्टी. ते पाहून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाडं खोलीचं असतं. उभ्या पिकाचं, विहिरीच्या पाण्याचं, शेजाऱ्याच्या झोपेचं भाडं आपण दिलेलं नसतं. ज्याच्या घरी कधीकाळी शेत होतं त्याला हे सांगावं लागू नये. ज्याच्या घरी कधीच नव्हतं, त्याला बरोबरच्या मोठ्या माणसाने सांगावं.

निघताना आत्याने मालकीणबाईंची ओटी भरली. पैशांचा व्यवहार शनिवारीच मिटला होता, हे वेगळं. बाईंनी कडब्याच्या पेंढ्या घेऊन जा म्हणून आग्रह केला. आमच्याकडे जनावरं कुठली? शेवटी दोन किलो गुळभेंडीचं बियाणं दिलं. गंगापूरच्या काकांनी ते ठेवून घेतलंय. नवरात्राच्या सुमाराला पेरतो म्हणाले.

तुमच्याही घरी एखादी जमीन अशी गेली असेल, धरणात, रस्त्यात, कारखान्यात नाही तर वाटण्यांत. ती परत यायची नाही. पण शेत दोन रात्रींसाठी मिळतं. हुरडा एका रानात आठ-दहा दिवसच टिकतो, पुढे दाणा टणक होतो. तेव्हा आधी मालकाला फोन करा, कणसं चिकात कधी येतील ते विचारा, मग सगळ्यांनी सुट्ट्या टाका. आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस पहिल्या गाडीत बसवा.