तिजोरी, उत्सव आणि समान न्याय

सार्वजनिक तिजोरीतील पैसा कोणाच्या उत्सवावर खर्च व्हावा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. कॅनडातील टोरंटो शहरात दर वर्षी जून महिन्यात भरणाऱ्या प्राइड महोत्सवाने तो तेथील नागरिकांपुढे वारंवार उभा केला आहे.

समलिंगी आणि पारलिंगी नागरिकांच्या या उत्सवाचा उगम अपमानात आहे. 5 फेब्रुवारी 1981 च्या रात्री टोरंटोच्या पोलिसांनी समलिंगी पुरुषांच्या स्नानगृहांवर धाडी घालून सुमारे 300 जणांना पकडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या उत्सवाचा आरंभ झाला. पोलीसप्रमुखांनी त्या धाडींबद्दल खेद व्यक्त केला तो 2016 साली, म्हणजे 35 वर्षांनंतर. त्या धाडींचा खर्चही करदात्यांच्याच पैशातून झाला होता आणि पकडले गेलेले पुरुषही करदातेच होते, हे विसरून चालणार नाही.

अनुदानाचे समर्थन मात्र बहुधा नफ्याच्या भाषेत केले जाते. 2009 च्या मंदीत कॅनडाच्या सरकारने पर्यटक खेचणाऱ्या मोठ्या उत्सवांसाठी दोन वर्षांची 10 कोटी डॉलरची योजना आखली. तीतून प्राइडला सुमारे 4 लाख डॉलर मिळताच सत्ताधारी पक्षातच नाराजी उमटली आणि 2010 मध्ये त्याच योजनेतून मदत नाकारण्यात आली. एका वर्षात शहराच्या अर्थकारणातील उत्सवाचे महत्त्व नाहीसे झाले होते काय? 2017 साली उत्सवातील पोलिसांच्या सहभागावरून वाद पेटला, तेव्हा नगरपरिषदेचे सुमारे 2 लाख 60 हजार डॉलरचे अनुदान रोखण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला.

उत्सवामुळे हॉटेले भरतात, खानावळी आणि टॅक्सीवाले कमावतात, हे खरे. परंतु असे हिशेब फसवे असतात. शहरातील रहिवासी त्या दिवशी मिरवणुकीत जे खर्च करतो, ते त्याने एरवी दुसरीकडे खर्च केलेच असते. गर्दी टाळून दूर गेलेल्या पाहुण्याचा पैसा कोणी वजा करीत नाही. शिवाय माणसाचा सन्मान खोल्यांच्या भाड्यावर टांगला, तर मंदीच्या वर्षी तो कशाच्या आधाराने राहणार? 2025 मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी या उत्सवाचे प्रायोजकत्व काढून घेतले. नफा पाहून धरलेला हात नफा पाहूनच सुटू शकतो.

आता दुसरी बाजू. 'माझ्या श्रद्धेला जे मान्य नाही, त्यासाठी माझा कर का?' असे एखादा कॅथलिक नागरिक विचारील. त्याचा प्रश्न टर उडवण्याजोगा नाही. सद्सद्विवेकाला किंमत असते. तथापि, टोरंटो ज्या ऑन्टॅरिओ प्रांतात आहे, तेथील कॅथलिक शाळा सार्वजनिक पैशावर चालतात. या अधिकाराला 1867 पासून घटनेचे संरक्षण आहे. ज्यू, मुस्लिम वा निरीश्वरवादी करदाताही त्यांचा भार उचलतो, आणि इतर धर्मीयांच्या शाळांना मात्र तसे अनुदान नाही. 1999 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही तफावत भेदभावाची ठरवली. शाळा आणि उत्सव एकाच तागडीत तोलता येत नाहीत, हे मान्य. परंतु 'मला पटत नाही, म्हणून माझा पैसा नको' हे तत्त्व एकदा स्वीकारले, की ते आपल्या अंगणातही येते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा न्याय सार्वजनिक तिजोरीला करता येत नाही.

कर भरणे म्हणजे प्रत्येक खर्चाला नैतिक संमती देणे नव्हे. समलिंगी व्यक्तींशी अन्याय्य भेदभाव होऊ नये, हे चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातही सांगितले आहे आणि लैंगिक नीतीविषयीची आपली शिकवणही त्याच ग्रंथाने कायम ठेवली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र बाळगणे कठीण असले, तरी अशक्य नाही. म्हणून नगरपरिषदेने अनुदानाचे नियम सर्व उत्सवांना सारखे लावावेत, खर्चाचा चोख हिशेब घ्यावा आणि नफ्याच्या आकड्यांची ढाल पुढे करू नये. ज्याला उत्सव मान्य नाही, त्याला दूर राहण्याचा व आपले मत बोलून दाखवण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्यांचा कर तिजोरीला चालतो, त्यांची मिरवणूक केवळ ती त्यांची आहे म्हणून अनुदानाला अपात्र ठरू नये.