पेटीतील भाकरी

खरे बोलावे, ही शिकवण आपण मुलांस अगदी लहानपणापासून देतो. आणि ती द्यावी हेच योग्य. परंतु जो खरे बोलला तो सत्याने वागलाच, असे समजावे काय? हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा खेळ वाटेल. पण बोर्डिंगात असताना माझ्या हातून जे घडले ते आठवले म्हणजे तो मनातून जात नाही. म्हणून तो आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

मी तेव्हा सातव्या इयत्तेत होतो. बोर्डिंगातील सारा दिवस घंटेवर चाले. पहाटेची घंटा झाली की अंथरुणे गुंडाळावयाची, विहिरीवर अंघोळ करावयाची, आवार झाडावयाचे, अभ्यासास बसावयाचे, मग पंगत. दर पंगतीस प्रत्येकाच्या ताटात आमटी व दोन भाकऱ्या पडत. पंगतीतील अन्न बाहेर न्यावयाचे नाही, असा सक्त नियम होता. कारण खोल्यांत उंदीर होत, आणि थोरली मुले धाकट्यांच्या भाकऱ्या हिसकावून घेत. नियम चांगलाच होता. त्या वर्षी मला खोलीचा मॉनिटर नेमिले होते, व त्या मानाचा मला मोठा अभिमान वाटे.

आमच्या खोलीत पाचव्या इयत्तेतील एक मुलगा होता. अबोल, अंगाने किरकोळ. एके दिवशी त्याच्या पत्र्याच्या पेटीस मुंग्या लागलेल्या दिसल्या, म्हणून मी ती उघडविली. कपड्यांच्या खाली एका फडक्यात भाकरीचे वाळलेले तुकडे बांधून ठेविलेले निघाले. मी त्यास काही एक विचारिले नाही. तसाच उठलो, बोर्डिंगच्या गुरुजींकडे गेलो आणि जे पाहिले ते सांगितले. त्यात एक अक्षरही वाढविले नव्हते.

गुरुजींनी त्यास बोलावून घेतले. "हे कशाला रे, बाळा?" असे त्यांनी विचारिले. बराच वेळ तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "दिवाळीला घरी न्यायला. धाकट्या बहिणींना." त्या वर्षी त्याच्या गावाकडे पाऊस नीट झाला नव्हता. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होती. रोज पंगतीत तो एक भाकरी खाई व दुसरी सदऱ्याखाली लपवून आणी. आवारामागच्या खडकावर उन्हात वाळवी व पेटीत ठेवी. शेवटी तो एवढेच बोलला, "चोरी न्हाई केली, गुरुजी. माझ्याच वाटणीची हाय."

गुरुजींनी त्यास शिक्षा केली नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ह्याला विचारलेस का?" मी "नाही" म्हणालो. "हा तुझ्या शेजारी बसतो ना? रोज अर्धपोटी उठत होता, ते तुला दिसले नाही?" ह्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गोष्ट इतक्यावर मिटली असती. परंतु गुरुजींनी क्षमा केली तरी मुलांनी केली नाही. 'भाकरचोर' हे नाव त्यास चिकटले. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला, तेव्हा गुरुजींनी आपल्या घरची थोडी ज्वारी त्याच्याबरोबर बांधून दिली. सुट्टी संपली, सर्व मुले आली, तो आला नाही. भिंतीशी असलेली त्याची जागा वर्षअखेरपर्यंत रिकामी राहिली. तो पुढे शिकला की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

आता कोणी म्हणेल, नियम मोडलेला दिसला आणि मॉनिटरने तो कळविला, ह्यात दोष कोणता? हे म्हणणे खोटे नाही. सोबत्याच्या भिडेने प्रत्येकाने डोळेझाक केली तर बोर्डिंगात दांडग्यांचेच राज्य होईल. दुसरा कोणी म्हणेल, भाकरी त्याच्या वाट्याची होती. त्याने ती खावी किंवा कोणासही द्यावी. हेही ऐकण्याजोगे आहे. परंतु बोर्डिंगातील भाकरी खरोखर कोणाची, ह्याचा थोडा विचार करावा.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली सातारा येथे बोर्डिंग काढिले. तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत व एका पंगतीत जेवत. पुढे त्यांच्या संस्थेच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायका दळणातील मूठ मूठ धान्य बाजूस काढून ठेवीत. त्यास मुष्टिफंड असे नाव पडले. एकदा साताऱ्याच्या मुलांस घालावयास धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले मंगळसूत्रही देऊन टाकिले. तात्पर्य, बोर्डिंगच्या भाकरीत पुष्कळांच्या चुलीचा वाटा असतो. आणि तो ह्यासाठी की मुलाने पोटभर खावे व शिकावे. ह्या दृष्टीने ती भाकरी सर्वस्वी त्या मुलाची नव्हती.

पण ज्या बाया आपल्या मुलांच्या तोंडची मूठ काढून परक्याच्या मुलासाठी ठेवीत, त्यांस जर विचारिले असते, तर त्यांनी त्या मुलास चोर म्हटले असते काय? त्यांनी जे केले, तेच तोही करीत होता. म्हणजे नियमाच्या बाजूस न्याय होता आणि मुलाच्याही बाजूस होता. अशा ठिकाणी निवाडा करावयाचा तर अधिक जाणून घ्यावयास पाहिजे. आणि मी तर जाणण्यापूर्वीच उठून गेलो.

माझे शब्द खरे होते. परंतु पेटीत काय आहे एवढेच मी सांगितले. ते का आहे हे मला ठाऊक नव्हते, व जाणावे अशी इच्छाही नव्हती. गुरुजींनी मला शाबासकी द्यावी, ही मात्र इच्छा होती. मी त्यास आधी विचारिले असते तरी गुरुजींकडे जावेच लागते. कारण उपाशी मुलाची गोष्ट झाकून ठेवणे हाही अन्यायच. पण मग मी त्याच्याविरुद्ध गेलो नसतो. त्यास बरोबर घेऊन गेलो असतो. नियम तोच, हकीकत तीच. फक्त ते लेकरू गुरुजींपुढे एकटे उभे राहिले नसते.

वाचकहो, ही केवळ बोर्डिंगातील मुलांची गोष्ट नव्हे. अमक्याने वर्गणी दिली नाही, अमकी बाई सभेस येत नाही, अमक्याने मुलास शाळेतून काढिले, अशा खबरा आपणही वडीलधाऱ्यांकडे नेतो, आणि त्या बहुधा खऱ्या असतात. त्या नेण्यापूर्वी त्या घरच्या उंबऱ्यावर घटकाभर बसून "काय झाले?" एवढे आपण विचारितो काय? ज्याने हे विचारिले नाही, त्यास अर्धीच गोष्ट ठाऊक असते. आणि अर्ध्या गोष्टीने एखाद्याची जागा कायमची रिकामी होऊ शकते.