कस्तुरी, हरीण आणि अक्षता

देव भावाचा भुकेला, द्रव्याचं काय एवढं! पूजासाहित्याच्या दुकानात बसून हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यातलं निम्मंच मला पटतं.

वाईला घाटाच्या वाटेवर आमचं दुकान. वडिलांच्या काळी गल्ल्यामागच्या फडताळात कस्तुरीची इवलीशी डबी असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण दिलं आणि डबी गेली. वास मात्र राहिला. आता तो कुपीतून आणि उदबत्तीतून येतो.

या नकली कस्तुरीचं मूळ कुठलं, तर स्फोटकांच्या प्रयोगशाळेतलं. 1888 मध्ये आल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनज्ञ टीएनटीच्या जातीच्या स्फोटकांवर काम करत होता. एका मिश्रणाला कस्तुरीचा वास आला. पुढे मस्क झायलीन, मस्क कीटोन, मस्क अँब्रेट अशी भावंडं निघाली. सगळी नायट्रोअ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनच्या कड्याला नायट्रो गट जोडलेली.

हरणाच्या बाजूने पाहिलं तर हे पुण्यकर्मच. एका नराच्या नाभीखालच्या ग्रंथीतून जेमतेम पंचवीसेक ग्रॅम कस्तुरी निघते. किलोभरासाठी चाळीसेक नर मारावे लागत. शिवाय प्रतिनिधी द्रव्य शास्त्रालाही चालतं. देवाला घालायला दागिना नाही? अक्षता वाहा.

पण हिंसा टळली, की नुसती नजरेआड गेली? बीएस्सीला शिकलेलं थोडं आठवतं. नायट्रो गट कड्यावरचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतात. मग प्राणवायूच्या मदतीने असली कडी फोडणाऱ्या जिवाणूंची तिथे डाळ शिजत नाही. पाण्यात हे सुगंध फारसे विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. साबण आणि धुण्याच्या पावडरीतून ते गटारात गेले, गटारातून नदीत. 1981 मध्ये जपानच्या तामा नदीतल्या माशांत सापडले. नव्वदीत जर्मनीत आईच्या दुधात. 1987 मध्ये जपानी त्वचातज्ज्ञांनी कातडी काळवंडण्याचा दोष धूपातल्या मस्क अँब्रेटवर ठेवला. मस्क झायलीनला युरोपीय संघाने 2008 मध्ये अतिटिकाऊ आणि शरीरात अतिसाठणारं ठरवलं. 2014 नंतर परवान्याशिवाय त्याचा वापर तिथे बंद आहे. माझ्या दुकानातल्या पाकिटांवर मात्र ‘सुगंधी द्रव्ये’ एवढंच छापलेलं असतं.

आमच्याकडे नेहमी येणारे एक गुरुजी म्हणतात, “अहो, एका उदबत्तीने काय होतंय? साबणाच्या ढिगापुढे ही खसखस.” प्रमाणाचं म्हणणं खरं आहे. पण वाटा लहान म्हणून तो माझा नाही, असं कर्माच्या हिशोबात कुठे लिहिलंय? उलट लहान वाट्यांचीच ही गोष्ट आहे. हरीण मारणाऱ्याला आपण काय केलं ते डोळ्यांपुढे दिसत होतं. इथे मारणाराच कुणी नाही. नुसते वापरणारे आहेत, सगळे सज्जन, बरेचसे आंघोळ करून सोवळ्यात बसलेले.

अर्पण भावाने देवापर्यंत पोचतं, हे मला मान्य आहे. पण धूर, राख आणि अंगावरचं अत्तर धुतलेलं पाणी यांना भाव नसतो. ती द्रव्य म्हणूनच वाहत जातात, आणि ज्याच्यापर्यंत पोचतात त्याने कुठल्या पूजेचा संकल्प सोडलेला नसतो. माशाने नाही, पाळण्यातल्या तान्ह्याने तर नाहीच. म्हणून द्रव्यशुद्धी देवासाठी आहे असं मला वाटत नाही. देवाचं कशानेही भागतं. ती आहे पूजेतलं उरलंसुरलं ज्याच्या वाट्याला जातं त्याच्यासाठी. आणि तो कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तर नियम जास्त कडक हवा.

तेव्हा कस्तुरीगंधाची उदबत्ती हवीच असेल, तर घटक छापलेलं पाकीट मागा. दुकानदार कुरकुरेल, मीही कुरकुरतो, पण मागा. नाही मिळालं तर सहाणेवर चंदन उगाळा आणि कस्तुरीच्या जागी अक्षता वाहा. अक्षतांना लागणारे तांदूळ घरात असतातच, त्यासाठी माझ्या दुकानात यायचीही गरज नाही.