अस्त्र मागे घेता येतं का?

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजचे दोन्ही श्लोक वरवर पाहता अगदी घरगुती आहेत. खाणं, झोप, काम, फिरणं, सगळं बेताने ठेवा म्हणजे योग साधतो, एवढंच. आजीसुद्धा हेच सांगते ना! पण ध्यानासारख्या मोठ्या विषयात भगवंत मध्येच जेवणाचं आणि झोपेचं काढतात, याचा अर्थ शरीर ही त्यांच्या लेखी किरकोळ गोष्ट नाही.

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "मी हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. मागच्यापेक्षा कमी वेळात पूर्ण करायची इच्छा आहे. ही फळाची आसक्तीच झाली ना?" प्रश्न माझाही होता, म्हणून उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

माझी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी मला २१ किलोमीटर दोन तासांच्या आत पळायचंच होतं. रोज वेगातच पळायचो, कारण हळू पळणं म्हणजे वेळ वाया असं वाटायचं. झोप पाच तास. पोटरीच्या पुढे, नडगीत दुखायला लागलं तरी थांबलो नाही. रेसच्या सकाळी पेनकिलर घेतली आणि पळालो. वेळ आली, मेडल मिळालं, फोटोही टाकला. त्यानंतर दोन महिने जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. डॉक्टर म्हणाले, "दुखणं हा शरीराचा निरोप असतो, तू निरोप्यालाच गप्प केलंस. आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीलाही त्रास देतात, ते वेगळंच."

दिवाळीत मामांकडे धडगावला गेलो. सातपुड्यातलं हे गाव. उन्हाळ्यात इथे घराघरांत कैऱ्या सोलून, चिरून आमचूर वाळत घातलेला असतो. मामी म्हणतात, उन्हाला घाई करता येत नाही. धनत्रयोदशीला अस्तंबा डोंगराची यात्रा सुरू होते. हा डोंगर अश्वत्थाम्याचा. कपाळावरची जखम घेऊन तो अजूनही इथे फिरतो, तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे.

मामांचा मुलगा, दादा, दरवर्षी चढतो. घाटात रोज पळणारा माणूस. यंदा मीही त्याच्यासोबत निघालो. अर्ध्या वाटेच्या पुढे आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. शिखर समोर दिसत होतं. दादाने वर एकदा हात जोडले आणि म्हणाला, "चला, खाली." मी म्हटलं, "दादा, एवढं आलोय, आता थोडंच राहिलंय!" तो हसला. "अरे, डोंगर कुठे जातोय? पुढच्या वर्षी येऊ."

उतरताना मला सौप्तिकपर्व आठवत राहिलं. युद्ध हरलं होतं. अश्वत्थाम्याला ती हार मान्य करता आली नाही. रात्री झोपलेल्या शिबिरात शिरून त्याने द्रौपदीच्या पाच मुलांना मारलं. पुढे अर्जुन समोर आल्यावर दोघांनीही अस्त्र सोडलं. ऋषींनी मध्ये पडून ते मागे घ्यायला सांगितलं. अर्जुनाने घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमलं नाही. सोडायची विद्या दोघांकडे होती, आवरायची एकाकडेच. द्रोणांनी अर्जुनाला ते अस्त्र आपणहून दिलं होतं. मुलाने मात्र हट्ट करून मिळवलं होतं.

मित्रांनो, माझी त्या वर्षीची तयारी अश्वत्थाम्याची होती. सोडायला शिकलो, आवरायला नाही.

म्हणून मैत्रिणीला सांगितलं, चांगल्या वेळेची इच्छा धरणं म्हणजे आसक्ती नव्हे. ध्येयच नसेल तर पहाटे पाचला उठायचं कशासाठी? अर्जुनही नेम धरूनच बाण सोडायचा. आसक्तीची परीक्षा वेगळी आहे : शरीराने, डॉक्टरांनी किंवा शेजारी कोसळलेल्या धावपटूने "थांब" म्हटलं, तर तुला थांबता येतं का? येत असेल तर ध्येय तुझ्या हातात आहे. नसेल तर तू ध्येयाच्या हातात आहेस.

आणि हे थांबणं रेसच्या दिवशी अचानक जमत नाही, त्याचाही सराव लागतो. आठवड्यातलं बहुतेक पळणं इतकं सावकाश असावं की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवावं. विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच दिवस मानावा, कारण ताण पडलेले स्नायू विश्रांतीतच सावरतात. शेवटचे दोन आठवडे पळणं कमी करावं. मन तेव्हाच "अजून थोडं" म्हणून ओरडतं, आणि त्या मनाला नाही म्हणणं हीच मानसिक तयारी. रेसच्या सकाळी नवे बूट नकोत, नवं खाणं नको. पहिले दोन-तीन किलोमीटर सगळे पुढे जातात, जाऊ द्यावेत. अति तेथे माती, हे रस्त्यावर फार लवकर कळतं!

यात आळसाला मात्र जागा नाही बरं का. आजच्या श्लोकात अति झोपणाराही नापासच आहे. "मला कुठे जिंकायचंय" म्हणत सराव बुडवणं हे वैराग्य नव्हे. आपलं काम पूर्ण करायचं आणि वारा, ऊन, नशीब त्याच्यावर सोडायचं.

मी यंदा पुन्हा नाव नोंदवलंय. दोन तासांच्या आत यायचंय, अजूनही. पण नडगी बोलली तर ऐकणार आहे.

आजचा संकल्प : आज एका गोष्टीत, जिथे "अजून थोडं" म्हणायचा मोह होईल, तिथे शांतपणे थांबून पाहूया. अभ्यास, मोबाईल, जेवण, भांडण, काहीही चालेल.

हे माधवा, पळण्याचं बळ दे, आणि थांबण्याचंही.

जय श्रीकृष्ण!