जिवंत पाणी आणि भरपाईचे पाणी

अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात, विशेषतः मोंटाना राज्यात, नद्या-ओढ्यांनी वाहून आणलेल्या वाळू-मातीच्या सैल थरांनी बनलेली गाळाची खोरी शेतकऱ्याचा खरा आधार असतात. कारण भोवतालचे माळ करपत असताना या गाळात मुरलेले पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढत, लसूणघासाच्या मुळांना ओल पुरवते आणि पाट न काढताही कुरण हिरवे राहते. अशा खोऱ्यालगत जमिनीखाली कोळशाची खाण चालू झाली की त्या पाण्याच्या रक्षणाचा प्रश्न अभियंत्यांकडे सोपवला जातो. त्याच्या मुळाशी मात्र एक तात्त्विक प्रश्न आहे: पाणी ही मोजून परत करता येणारी वस्तू आहे, की विशिष्ट भूमीशी जडलेला संबंध?

लाँगवॉल पद्धतीच्या खाणीत कोळशाचा रुंद पट्टा सलग कापला जातो, यंत्र पुढे सरकले की मागचे छत कोसळू दिले जाते, आणि त्यामुळे वरच्या खडकांत भेगा पडून भूपृष्ठ खचते. राउंडअप गावाजवळच्या बुल माउंटन्समध्ये याच पद्धतीने कोळसा निघतो, आणि तेथील गुरेपालकांची भिस्त झऱ्यांवर आहे. झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या जलधराच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थराच्या, तळाला भेग गेली तरी पाणी नाहीसे होतेच असे नाही. ते खाली उतरते किंवा दुसरीकडे फुटते. एकूण हिशेब कदाचित जुळेलही, परंतु गुरे जेथे पिढ्यानपिढ्या पाण्यावर येत होती तेथे ते उरत नाही.

1977 च्या खाण-नियंत्रण कायद्याला हा भेद पुसटसा का होईना, जाणवला होता. 100 अंश पश्चिम रेखांशाच्या पलीकडील गाळाच्या खोऱ्यांतील शेती खंडित होणार नाही आणि त्यांना पाणी पुरवणाऱ्या भूपृष्ठावरील व भूगर्भातील प्रवाहांची मोठी हानी होणार नाही, हे परवानगी मागणाऱ्यानेच आधी दाखवून द्यावे, असे त्याने ठरवले, आणि भूमिगत खाणीचे भूपृष्ठावरील परिणामही त्याच्या कक्षेत घेतले. अविकसित माळरानांना आणि शेताच्या नगण्य हिश्शाला त्यातून सूट आहे. तरीही पुराव्याचा भार मागणाऱ्यावर ठेवणे ही नैतिकदृष्ट्या फार मोठी गोष्ट होती. 1992 साली भूमिगत खाणींसाठी आलेल्या केंद्रीय तरतुदीची भाषा वेगळी आहे: खाणीमुळे विहीर वा झरा आटला तर पिण्याचे आणि घरगुती वापराचे पाणी पर्यायाने पुरवावे. येथे शेताची ओल गणतीतच नाही, आणि पाणी हे बदलून देण्याजोगे परिमाण ठरते.

हिब्रू धर्मग्रंथांत या प्रश्नाचा एक विलक्षण जुना मागोवा सापडतो. उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात इसहाकाचे चाकर गरारच्या खोऱ्यात खणतात तेव्हा त्यांना जे लागते त्याला मूळ भाषेत ‘जिवंत पाणी’ म्हटले आहे. लगेच तेथील गुराखी त्या पाण्यावर हक्क सांगतात आणि विहिरीला भांडणाचेच नाव पडते. मराठीतही विहिरीला जिवंत झरा असतो, हौदाला नसतो. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये शुद्धीच्या पाण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या असून जिवंत पाणी सर्वांत वरचे आहे, तर भांड्याने उपसून भरलेले पाणी स्नानकुंडाला चालत नाही. हा केवळ कर्मकांडाचा काटेकोरपणा मानणे उथळपणाचे ठरेल. पाणी कोठून आणि कसे आले हे त्याच्या स्वरूपाचाच भाग आहे, प्रमाण समान असले तरी आगमनाचा मार्ग तुटला की ते तेच पाणी राहत नाही, असा विचार या नियमातून वाचता येतो.

यावर गंभीर आक्षेप घेता येतो. तहानलेल्या गाईला टँकरचे पाणीही तृप्त करते, आणि खाणीच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाची भूक झऱ्याच्या पावित्र्याने भागत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच झरा आटल्यावर पाणी पुरवण्याचे कर्तव्य कोणीही नाकारू नये. परंतु जखमेवरचा उपचार उपलब्ध आहे म्हणून जखम करण्याचा अधिकार मिळत नाही, आणि टँकर गुरांच्या हौदापर्यंत पोचला तरी कुरणाच्या मुळाशी खालून ओल आणून देऊ शकत नाही.

दोन्ही बाजूंच्या नुकसानीची जातही एक नाही. बुल माउंटन्सचा कोळसा सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत साचलेल्या वनस्पतींपासून बनला आहे. खोऱ्याखालचा त्याचा पट्टा आधार म्हणून न कापता ठेवला, तर तो पुढेही जागेवरच असेल आणि पुढची पिढी हवे तर त्याचा निर्णय फिरवू शकेल. छत कोसळून भंगलेला खडक मात्र कोणत्याही आदेशाने पूर्ववत सांधता येत नाही.