पाहुणा आणि यजमान

उच्च शिक्षणासाठी 2001 ते 2004 अशी तीन वर्षे आम्हांला रोम शहरात राहण्याचा योग आला. रोमला राहणे म्हणजे रोज संत पेत्राच्या महामंदिराचे दर्शन, अशी आपल्या भाविकांची गोड समजूत असते. प्रत्यक्षात आमचे बहुतेक दिवस बसची वाट पाहण्यात, पाव-भाजी विकत घेण्यात आणि सरकारी कागद गोळा करण्यात गेले. त्या साध्या दिवसांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. तो अद्याप आमची पाठ सोडत नाही : परक्याचे आपण काय देणे लागतो?

इटलीत दीर्घ मुक्कामासाठी आलेल्या परदेशी माणसाला आठ दिवसांच्या आत निवास-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी आम्ही पहाटेच्या अंधारात पोलीस कचेरीबाहेर रांगेत उभे राहिलो. घरकाम करणाऱ्या फिलिपिनो भगिनी, फुले विकणारे बांगलादेशी तरुण, पूर्व युरोपातील गवंडी आणि आम्ही! गावी ज्यांना ‘फादर’ म्हणून पहिली खुर्ची मिळते, त्यांचे साधे आडनावही तेथे कोणाला उच्चारता येईना. एक कागद कमी पडला म्हणून आम्हांला परत पाठवले, तेव्हा आमचा चेहरा उतरला. रांगेतला एक बांगलादेशी तरुण हिंदीत म्हणाला, “माझी ही चौथी खेप आहे.” त्याच्या त्या एका वाक्याने आम्हांला धीर आला.

पहिल्याच आठवड्यात बाजारात आम्ही सवयीप्रमाणे टोमॅटो चाचपून पाहू लागलो आणि विक्रेतीने आम्हांला चांगलेच खडसावले. तेथे गिऱ्हाइकाने माल हाताळायचा नसतो, विक्रेत्याने निवडून द्यायचा असतो. आमच्या रंगामुळे हा अपमान झाला, असे समजून आम्ही कित्येक दिवस दुसऱ्या रस्त्याने गेलो. पुढे नाइलाजाने तिच्याकडेच जावे लागले, तर त्याच बाईने एकेका भाजीचे नाव आमच्याकडून वदवून घेतले. नियम सांगणे म्हणजे नाकारणे नव्हे, हे तेव्हा कळले. पाहुण्यालाही कर्तव्य असते. यजमानाची भाषा शिकावी, त्याची रीत समजून घ्यावी आणि प्रत्येक खडसावण्यात द्वेष शोधू नये.

रोमच्या रस्त्यांवर सुमारे 2,500 सार्वजनिक नळ आहेत. 1874 पासून बसवलेल्या या बिडाच्या नळांना त्यांच्या बाकदार तोटीमुळे लोक ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. तोटीच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या छिद्रातून धार उसळते आणि सहज पिता येते. परवाना हाती नव्हता, त्या दिवसांतही आम्ही ते पाणी प्यालो. तहानलेल्याला कागद विचारायचा नसतो, हे त्या शहराने आम्हांला शिकवले.

आणि आम्ही स्वतः कसे वागलो? जानेवारीतील एका रात्री रांगेत भेटलेला तो तरुण आमच्या वसतिगृहाच्या दाराशी आला. त्याची खोली गेली होती. एका रात्रीपुरता आसरा हवा होता. बाहेरच्या माणसाला आत ठेवू नये, असा आमच्याकडे नियम होता. तो नियम खोटा नव्हता. आम्ही थोडे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि दार लावून घेतले. तेर्मिनी स्थानकाजवळ कारितासचे 1987 पासूनचे रात्रनिवारा केंद्र होते. तेथवर त्याच्यासोबत चालत जाणे आम्हांला शक्य होते. परंतु दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू येशू स्वतःला परक्याच्या जागी ठेवतो, हे आम्ही किती प्रवचनांतून सांगितले असेल! तो तरुण पुन्हा दिसला नाही.

इटालियन भाषेत ‘ओस्पिते’ हा एकच शब्द पाहुणा आणि यजमान या दोघांसाठी वापरतात. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना हे नाते चांगले ठाऊक होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला पाठवलेले, संत क्लेमेंटचे मानले जाणारे एक पत्र आहे. त्यात रोमची ख्रिस्तसभा आपण रोममध्ये परकी म्हणून राहतो, अशीच स्वतःची ओळख देते. इंग्रजीतील ‘पॅरिश’ हा शब्दही त्याच ग्रीक मुळातून आला. ‘पारोइकिया’ म्हणजे परक्या ठिकाणचा मुक्काम. ज्या धर्मग्रामाला आपण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मालकीचा मानतो, तो मुळात पाहुण्यांचा मेळा आहे.

आज वसईत आमच्या चर्चमध्ये झारखंड, छत्तीसगडकडचे आदिवासी कॅथलिक कामगार रविवारच्या मिस्साला येतात आणि मागच्या दाराशी उभे राहतात. ‘आपल्याच माणसांना बाक मिळत नाहीत,’ अशी तक्रार आमच्या कानी येते. तक्रार करणारे दुष्ट नाहीत. वाड्या उठताना, विहिरींचे पाणी खारट होताना, घरातली बोली विरताना त्यांनी पाहिली आहे. ते दुःख खरे आहे. परंतु ज्याने वाडीवर इमारत बांधली तो आणि त्या इमारतीवर डोक्यावरून विटा वाहणारा, हे दोघे एक नव्हेत. शिवाय वाडी विकणाऱ्यांत आपलीही माणसे होती. रोष चुकीच्या दारी जाऊ नये.

परक्याचे आपण सर्वस्व देणे लागत नाही. त्याला आपली रीत सांगण्याचा हक्कही आपल्याला आहे. पण तहानेला पाणी आणि अडचणीत चार पावलांची सोबत, एवढे तरी देणे लागतो. ते दिले नाही, तर आपला नियम कितीही खरा असो, आपण अपुरे ठरतो.

गेल्या आगमनकाळात मिस्सा आटोपल्यावर आम्ही मागच्या दाराशी गेलो आणि तेथल्या एका तरुणाला नाव विचारले. दोन वर्षे तो येत होता. आजवर त्याला कोणी नाव विचारले नव्हते. आम्हीही नाही.